पाणबुड्या झालात, आता पुढचे शिका

शेतकरी बंधूंनो, भाताचा करपा आणि वालावरचा मावा हे आपले नेहमीचे विषय. आज जरा पाण्यात उतरू या. विषय शेतीचा नाही असे वाटेल. पण ज्यांच्या शिवारात विहीर आहे, शेततळे आहे, बंद पडलेली दगडखाण आहे किंवा गावाला खाडी लागून आहे, त्यांनी हे जरूर वाचावे. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक मंडळींसाठी तर हा लेख मुद्दाम लिहिला आहे.

भिवंडीचा धामणकर नाका तुम्हाला सांगायला नको. यंत्रमागाचा खडखडाट, कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, आणि आता डोक्यावर मेट्रोचा पूल. ठाण्याच्या कापूरबावडीपासून येणाऱ्या मेट्रोचा पहिला टप्पा याच नाक्यापर्यंत आखलेला आहे. गेल्या भाद्रपदात एका दुपारी मी तिथे रिक्षाची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात ओळखीचा एक मुलगा धावत आला. खाडीकाठच्या गावातला, वय पंचवीस-सव्वीस. त्याच्या वडिलांच्या भातखाचरात मी दोन हंगाम प्रात्यक्षिक घेतले होते, त्यामुळे घरोबा. त्याच्या पाठीला मोठी बॅग होती आणि हातातला फोन सारखा वाजत होता.

"साहेब, शेजारच्या गावच्या सरपंचांचा फोन हाय. खाणीच्या पाण्यात पोरगा बुडालाय. म्हणतात, तू पाणबुड्या हायेस, लगेच ये. हवेची बाटली वाटेत एकाकडून मिळल. जाऊ ना?"

मी विचारले, "कधी बुडाला?"

"सकाळी धा वाजता."

घड्याळात साडेबारा झाले होते. मी पुन्हा विचारले, "तुझ्या आजवर डुबक्या किती झाल्या?"

तो थोडा थांबला आणि म्हणाला, "चार. तारकर्लीला. एप्रिल महिन्यात."

तो गेला की नाही, ते पुढे सांगतो. आधी त्याच्या खिशात जे कार्ड होते, ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घेऊ.

मालवण-तारकर्लीला सहलीला जाऊन आलेले पुष्कळ जण "आम्ही स्कूबा केले" असे सांगतात. ती हौसेची डुबकी. शिक्षक तुमचा हात धरून खाली नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. तिचे कार्ड मिळत नाही. कार्ड मिळते ते ‘ओपन वॉटर डायव्हर’ या अभ्यासक्रमाचे. तीन-चार दिवस लागतात. थोडा पुस्तकी भाग, मग तरणतलावात सराव आणि शेवटी उघड्या पाण्यात चार डुबक्या. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, खासगी शिक्षकही आहेत. कार्ड देणाऱ्या संस्था जगभरच्या आहेत. त्यातली ‘पॅडी’ ही १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था. (पॅडी म्हणजे भात नव्हे, हे मला त्या मुलाने समजावून दिले!)

हे कार्ड सांगते की हा माणूस एका जोडीदाराबरोबर, ज्या प्रकारच्या पाण्यात तो शिकला तशाच पाण्यात, १८ मीटरपर्यंत म्हणजे साधारण साठ फुटांपर्यंत जाऊ शकतो. एवढेच. गढूळ पाणी, विहीर, रात्र, बुडालेली वस्तू शोधणे, माणूस वर काढणे यांतले काहीही त्यात येत नाही. आणि आणखी एक गंमत बघा. आपल्या वाहनाच्या लायसनला मुदत असते, तशी या कार्डाला बहुधा नसते. आज काढलेले कार्ड दहा वर्षे पाण्यात न उतरताही चालू राहते. हात मात्र विसरतात.

हे मला पटकन समजले, कारण मी स्वतः त्यातून गेलो आहे. कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच खरिपात एका शेतकऱ्याला भातातल्या रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी फवारायला सांगितले. मात्रा बरोबर, पाणी बरोबर, तणाची अवस्थाही बरोबर. वाऱ्याकडे मात्र बघितले नाही. चार दिवसांनी शेजारच्या बांधावरची भेंडी पिळवटलेली. वारा असताना फवारू नये हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! शेजाऱ्याने मला जे सुनावले ते मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हते. पदविकेने मला शेतात उभे राहण्याची परवानगी दिली, शेत पुढच्या सात-आठ वर्षांत थोडे थोडे कळत गेले. फरक एवढाच की माझ्या चुकीने भेंडी गेली. पाण्याखालच्या चुकीला भेंडीवर भागत नाही.

आता त्या मुलाच्या घरची गोष्ट. त्याचे वडील आणि आजोबा खाडीत डुबी मारून रेती काढायचे. हातपाटी-डुबीचा परवाना हा शब्द तलाठी कार्यालयात ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे काम माहीत आहे. होडी नांगरायची, छाती भरून हवा घ्यायची, बालदी घेऊन तळाशी जायचे, भरायची आणि वर यायचे. दिवसभरात अशा कितीतरी खेपा. वडील मला अभिमानाने सांगत, "आमचे टायमाला बाटली नव्हती का नली नव्हती. दम कोंडायचा नि जायचा."

अशा घरातला मुलगा पाण्याला कशाला भिणार? तारकर्लीला तो सगळ्यात धीट होता. आणि धोकाही त्यालाच सर्वांत जास्त होता. ते कसे, सांगतो.

डुबी मारणारा जमिनीवरची हवा छातीत घेऊन खाली जातो. खाली पाण्याच्या दाबाने ती हवा आकसते, वर आला की पुन्हा मूळ मापाची होते. छातीला इजा नाही. बाटली लावलेल्या पाणबुड्याचे उलटे आहे. तो खालीच, त्या दाबाची हवा श्वासात घेतो. दहा मीटर खाली दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतली, दम कोंडला आणि तसाच वर आला, तर ती हवा दुप्पट होऊ पाहते. छाती दुप्पट होत नाही. फुप्फुस फाटते, हवेचा बुडबुडा रक्तात शिरतो आणि थेट मेंदूपर्यंत जातो. याला फार खोल पाणी लागते असेही नाही. जेमतेम चार फुटांवरून भरल्या छातीने दम कोंडून वर आल्यानेही हे होऊ शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही कोंडायचा नाही, सतत चालू ठेवायचा.

म्हणजे बापाने जे शिकवले, तेच मुलाला मारू शकते. मुलाने मला प्रामाणिकपणे सांगितले की तरणतलावात दुसऱ्या दिवशी त्याच्या मुखवट्यात पाणी शिरले, नाकात गेले, आणि त्याने न कळत दम कोंडून वरची वाट धरली. शिक्षकाने खांदा धरून खाली दाबला, डोळ्यांत डोळे घालून बुडबुडे सोडायला लावले. लहानपणापासूनची सवय तीन दिवसांत मोडत नाही. शांत पाण्यात आठवण राहते. घाबरला की माणूस बापाच्या शाळेत परत जातो. नवी सवय अंगात मुरायला डुबक्या लागतात, त्याही शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, आणि फार खंड न पडता. पावसाळ्यात मालवणकडचे डायव्हिंग बंद असते. एप्रिलनंतर भाद्रपदापर्यंत हा मुलगा पाण्याखाली गेलाच नव्हता. सहा महिने-वर्ष खंड पडला तर आधी तलावात उजळणी करून मगच समुद्रात जावे, असे शिकवणारेच सांगतात. उजळणीला अर्धा-एक दिवस पुरतो. पण "कार्ड आहे ना, मग कशाला?" असे म्हणून ती टाळली जाते.

हवेचा हिशेब तर आपल्या डिझेल इंजिनाच्या हिशेबासारखा आहे. बाटलीत ऑक्सिजन असतो असा आपल्याकडे समज आहे. तसे नाही, साधीच हवा दाबून भरलेली असते. बारा लिटरच्या बाटलीत २०० बार दाबाने साधारण २,४०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला वीस लिटर घेतो असे धरले तर जमिनीवर ती दोन तास पुरेल. दहा मीटर खाली तासभर, वीस मीटरवर चाळीस मिनिटे, तीसवर अर्धाच तास. यातूनही शेवटची पन्नास बार राखून ठेवायची. आणि हा शांत माणसाचा हिशेब आहे. नवखा, घाबरलेला, हातपाय झाडणारा माणूस याच्या दुप्पटही हवा ओढतो. वर काठावर शंभर माणसे ओरडत असतील, खाली काही दिसत नसेल, तर बाटली केव्हा संपली हे कळणारही नाही.

दुसरी गोष्ट वर येण्याची. इथे मला शेळ्यांची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्यासारख्यांनाच जास्त पटेल. शंभरेक वर्षांपूर्वी ब्रिटिश आरमाराचे पाणबुडे खोल पाण्यातून वर आले की सांधे धरून तळमळत, काही पांगळे होत. जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने याचा शोध घेण्यासाठी शेळ्या आणल्या. त्यांना लोखंडी टाकीत ठेवून हवेचा दाब वाढवायचा आणि मग कमी करायचा. दाब झटकन उतरवला की शेळी पुढचा पाय उचलून धरे, टेकवत नसे. ज्याने लंगडणारी शेळी पाहिली आहे त्याला तिचे दुखणे लगेच ओळखू येईल. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. दाब एकदम गेला की सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा तो बुडबुडे होऊन बाहेर येतो आणि सांध्यात, मज्जारज्जूत अडकतो. हॉल्डेनने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके बसवली आणि १९०८ साली ती प्रसिद्ध झाली. आजचे पाणबुडे मनगटावर जे छोटे संगणक बांधतात, त्यांच्या मुळाशी त्या शेळ्यांचेच पाय आहेत.

म्हणून सावकाश वर यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे, आणि डुबकीनंतर बारा ते अठरा तास विमानात बसायचे नाही. घाट चढण्याचेही तेच. वर हवेचा दाब कमी होत जातो. मालवणात दोन-तीन खोल डुबक्या मारून लगेच गगनबावड्याने कोल्हापूर गाठणारे हौशी लोक मी पाहिले आहेत. ही घाई बरी नव्हे. शेतकऱ्याच्या मुलाला आणखी एक सांगणे: डुबकीनंतर खांदा-कोपर दुखू लागला, मुंग्या आल्या, तर अंग मोडून आले म्हणून बाम चोळून झोपू नका. ते दुखणे वेगळे असू शकते. त्यावर ऑक्सिजन आणि दाबाच्या टाकीतले उपचार असतात, आणि वेळ महत्त्वाची असते.

एवढे सगळे पहिल्या अभ्यासक्रमात सांगतात का? सांगतात. पण सांगितलेले आणि अंगवळणी पडलेले यांत माझ्या भेंडीएवढे अंतर आहे.

आता पुढे काय शिकायचे? ‘ॲडव्हान्स्ड’ नावाचा पुढचा अभ्यासक्रम आहे. त्यात पाच डुबक्या असतात. त्यांतली एक खोल पाण्याची आणि एक होकायंत्रावर दिशा धरण्याची सक्तीची. त्यानंतर ३० मीटरपर्यंत जाता येते. माझे मत विचाराल तर नाव जरा फसवे आहे. पहिल्या चार आणि या पाच, अशा नऊ डुबक्यांत माणूस ‘प्रगत’ कसा होईल? नऊ वेळा नांगर धरलेल्याला आपण नांगऱ्या म्हणत नाही. कार्डे विकणे हा त्या संस्थांचा धंदाही आहे, हे डोळ्यांआड करू नये. एकामागून एक कार्डे गोळा करण्यापेक्षा मधे पंधरा-वीस साध्या डुबक्या मारा, त्या वहीत नोंदवा, मग पुढचे घ्या. किती खोल गेलो, किती वेळ राहिलो, किती हवा उरली, वजन किती लावले, पाणी कसे होते, हे सारे लिहायचे. शेतकऱ्याने पिकाची नोंदवही ठेवावी म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, तसलीच ही वही. ती ज्याची नीट आहे, तोच खरा शिकतो आहे असे समजा.

सगळ्यांत मोलाचा मला वाटतो तो ‘रेस्क्यू’ हा अभ्यासक्रम. त्याआधी प्रथमोपचार आणि छातीवर दाब देऊन श्वास चालू करण्याचे शिक्षण लागते. या अभ्यासक्रमात पहिल्यांदा माणूस स्वतःकडून दुसऱ्याकडे बघायला शिकतो. कोण घाबरला आहे, कोणाची हवा संपत आली आहे, घाबरलेला माणूस आपल्यालाच धरून बुडवणार नाही अशा बेताने त्याच्याजवळ कसे जायचे, पाण्याच्या वर काय करायचे. अपघात खालीच होतात असेही नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोटच उलटली आणि दोघांचा जीव गेला.

ज्याला यातून पोट भरायचे आहे त्याने डाइव्हमास्टरपर्यंत जावे. वय अठरा पूर्ण पाहिजे, आणि पॅडीच्या नियमाने किमान साठ डुबक्या नोंदलेल्या पाहिजेत. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या घरांतली मुले आज हे काम करतात. १२ जानेवारी २०२४ रोजी नौदलातून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्पही राज्याने हाती घेतला आहे. बुडालेल्या जहाजाभोवती पर्यटकांना फिरवणे हे पुन्हा वेगळेच शिक्षण आहे. लोखंडाच्या कडा, अडकणारे दोर, आत शिरलो तर डोक्यावर छप्पर. तिथे उद्या काम मागायला जाणाऱ्याच्या हातात चार डुबक्यांचे कार्ड असून भागणार नाही.

आता आपल्या विहिरी-खाणींकडे येतो. सरपंच मंडळी, इथे नीट लक्ष द्या.

समुद्रात शिकलेला मुलगा गोड्या पाण्यात उतरला की पहिली गडबड वजनाची होते. खारे पाणी माणसाला जास्त उचलते. सामानासकट शंभर किलोचा माणूस धरला तर फरक अडीच किलोचा पडतो. समुद्रातला शिशाचा पट्टा तसाच लावून विहिरीत गेलात तर नको इतके झपकन खाली जाल. दुसरे, दिसत काहीच नाही. तळाचा गाळ एकदा हलला की हातातला विजेरीचा झोतही दिसेनासा होतो. तिसरे, विहिरीत मोटारीची केबल, फूटव्हॉल्व्हचा पाइप, नायलॉनचे दोर लोंबत असतात. केबल उघडी पडली असेल आणि वीज चालू असेल तर पुढे बोलायला नकोच. खाणीत क्रशरच्या जुन्या तारा, लोखंड, कोणी टाकलेला भंगार माल. आणि समुद्रात संकट आले तर सावकाश का होईना, वर जायला सगळीकडे वाट असते. विहिरीत वर आलात तरी तुम्ही विहिरीतच असता.

त्यातून हवा. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत पाण्याच्या वर वाईट वायू साचलेला असू शकतो. पाणबुड्या वर येतो, तोंडातली नळी काढून मोठा श्वास घेतो, आणि तिथेच कोसळतो. पूर्वी कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचे नाही. पण कंदील सगळे विष ओळखत नाही, आणि गोबरगॅसच्या जागी तो सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. एप्रिल २०२४ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी शेणस्लरी साचवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडले. तिला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करत पाच जण गेले. हे सगळे धीटच होते. शिक्षण नसलेला धीटपणा एकामागून एक माणसे ओढतो.

आणि शिक्षण असले तरी ते त्या जागेचेच लागते. थायलंडमधली २०१८ सालची गुहा तुम्हाला आठवत असेल. फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्यामुळे आत अडकले होते. पाणी उपसण्याच्या कामात मदत करायला आपल्या ओळखीच्या किर्लोस्कर पंपवाल्यांचे तंत्रज्ञ गेले होते. मुलांचा पत्ता २ जुलैला दोन ब्रिटिश पाणबुड्यांनी लावला. त्यांतला एक निवृत्त अग्निशमन जवान, तर दुसरा संगणकाच्या धंद्यातला. पण दोघेही वर्षानुवर्षे पाण्याने भरलेल्या गुहांतच पोहत आलेले. चार दिवसांनी, ६ जुलैला, त्याच गुहेत हवेच्या बाटल्या पोचवून परतताना समन कुनान हे थाई नौदलाचे माजी कमांडो मरण पावले. अंगात ताकद, छातीत हिंमत, नौदलाचे शिक्षण, सगळे होते. तरीही गुहेने जीव घेतला. मग चार डुबक्यांच्या पोराला आपण कोणत्या तोंडाने खाणीत सोडतो?

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. पाण्याखाली गेलेल्या माणसाच्या मेंदूला चार-सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की इजा सुरू होते. अंगावर सामान चढवून, बाटली जोडून पाणबुड्या तयार व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे गावात पाणबुड्याला फोन जातो तेव्हा बहुतेक वेळा काम उरलेले असते ते देह बाहेर काढण्याचे. ते काम झालेच पाहिजे, घरच्यांसाठी झालेच पाहिजे. पण त्याला जिवंत पोराचा जीव टांगणीला लावण्याएवढी घाई नाही. असे शोधकाम करणाऱ्यांचे स्वतंत्र प्रशिक्षण असते. त्यात पाणबुड्या दोरीने बांधलेला असतो, काठावरचा माणूस दोरीच्या झटक्यांनी त्याच्याशी बोलतो, आणि दुसरा पाणबुड्या तयार होऊन काठावर बसलेला असतो. विहीर खणणाऱ्याला दोरीवर सोडताना वरचा माणूस विश्वासाचा लागतो, हे आपण जाणतोच.

पहिल्या पाच मिनिटांत जीव वाचतो तो काठावरच्यांकडून. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब फुगवून काठावर टांगा. बुडणाऱ्याकडे आधी काठी, मग दोर किंवा ट्यूब, आणि माणसाने उडी अगदी शेवटी. वर काढल्यावर खांद्यावर टाकून गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या, १०८ ला फोन करा. आपत्ती कक्षाचा १०७७ आणि अग्निशमनचा १०१ हे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवून घ्या. केंद्राची ‘आपदा मित्र’ ही योजना २०१६ पासून आहे, त्यात बारा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. गावातली पोहणारी पोरे तिकडे पाठवा.

याच धामणकर नाक्याजवळ, पटेल कंपाउंडमध्ये, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. सगळ्यांत आधी धावले ते शेजारपाजारचे लोक, नुसत्या हातांनी, आणि त्यांनी माणसे बाहेर काढलीही. पुढे ढिगाऱ्याच्या पोटातले काम मात्र आपत्ती दलाच्या शिकलेल्या जवानांनी केले, त्यासाठी दिवस लागले. दोघांचीही गरज होती, आणि कोणी कुठे थांबायचे हेही ठरलेले होते. त्या दुपारी नाक्यावर उभ्या उभ्या मी त्या मुलाला हेच सांगितले.

तो खाणीवर गेला. मीही गेलो. पण पाण्यात तो उतरला नाही. बाटली त्याने गाडीतच ठेवली. जाताना मी आपत्ती कक्षाला फोन लावला होता. त्याने काठावरची गर्दी मागे सारली, खाणीतल्या पंपाची वीज बंद करायला लावली, आणि मुलगा कुठे शेवटचा दिसला ते ज्यांनी पाहिले त्या दोन पोरांना वेगवेगळे उभे करून विचारले. दोघांनी दाखवलेल्या रेषा जिथे मिळतात तिथे समोरच्या कड्यावर खूण केली. ही युक्ती त्याला शोधकामाच्या एका व्हिडिओतून मिळाली होती म्हणे. गर्दीतून मात्र काय काय ऐकावे लागले! "कार्ड दाखवायला आलाय काय?" "बापासारखी डुबी मारायची पण हिंमत नाय." बुडालेल्या मुलाच्या मामाने तर त्याची कॉलर धरली. मुलगा काही बोलला नाही. माझेही पाय लटपटत होते, कारण नको म्हणणारा मीच होतो.

संध्याकाळी अग्निशमन दलाची माणसे आली, अंधार पडल्यावर काम थांबले. सकाळी रबरी होडीतून गळ फिरवून त्यांनी देह काढला. तो खुणेपासून वीसेक फुटांवर मिळाला. गळाबरोबर तळातून क्रशरच्या जाड तारेचे वेटोळेही वर आले. ते बघून मुलगा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, मला हे खाली दिसलंच नसतं."

दिवाळीनंतर तो तारकर्लीला गेला. आधी तलावात एक दिवस उजळणी, मग साध्या डुबक्या, मग ॲडव्हान्स्ड. त्याची वही त्याने मला दाखवली. एकवीस डुबक्या झाल्या आहेत. सहाव्या डुबकीपुढे लिहिले आहे: "मुखवट्यात पाणी गेलं. दम नाय कोंडला." रेस्क्यूसाठी पैसे साठवतो आहे. वडील अजून कुरकुरतात की एवढे पैसे पाण्यात कशाला घालतोस. पण माघात मी भाताचे बियाणे बघायला गेलो तेव्हा म्हातारा अंगणात बसून नातवाला तोंडाने बुडबुडे सोडायला शिकवत होता.

ज्या सरपंचांनी त्या दिवशी फोन केला होता, त्यांनी ग्रामसभेत खाणीला कुंपण घालायचा ठराव करून घेतला. कुंपणाचे खांब उभे राहिले आहेत. तार अजून यायची आहे.